जऊळक्याचा पहिला सामना, उभ्याने

शनिवारी सकाळी अकोला स्टेशनवर उभी होते तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली, गुडघ्याला बांधायचा पट्टा आणि ह्यांची निळी टोपी होती. घडीची खुर्ची मुद्दाम घरी ठेवली होती.

खुर्चीचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझे यजमान मुकुंद मूळचे जऊळक्याचे. आमच्या भागात फुटबॉल खेळतात हे अकोल्यातल्या लोकांनाही खरं वाटत नाही. पण आजूबाजूच्या गावांचे संघ आहेत आणि त्यांची दरवर्षी स्पर्धा होते. फवारण्या उरकल्या की मोसम सुरू होतो, सोयाबीन काढणीला आलं की संपतो, कारण मग खेळायला माणसंच उरत नाहीत. मोसमाचा पहिला शनिवार-रविवार आम्ही लग्नानंतर एकदाही चुकवला नाही. एकोणीस वर्षांपूर्वी जऊळक्याचा संघ पहिलाच सामना सहा गोलांनी हरला. तेव्हा ह्यांनी भर मैदानात नारळ हातात घेऊन नवस बोलला, की जऊळका मोसमातला पहिला सामना जिंकत नाही तोवर मी बसून सामना पाहणार नाही.

तेव्हापासून जऊळका पहिला सामना जिंकला नाही. पुढचे जिंकायचे, पहिला नाही. मी घडीच्या खुर्चीत बसायची आणि हे माझ्या मागे उभे राहून डोक्यावरून मला खेळ सांगायचे.

होळीनंतर पंधरा दिवसांनी हे गेले. नवस तसाच राहिला.

सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत, फार बोलत नाहीत. आषाढ संपता संपता एकदा एवढंच म्हणाल्या, "नवस राह्यला तं घरच्याईनं फेडा लागते. मी तं आता उभी नाई राहू शकत." मी प्रयोगशाळेत काम करते. नवसावर माझा विश्वास आहे की नाही, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण मी गुडघ्याचा पट्टा विकत आणला. डॉक्टरांनी फार वेळ उभं राहू नका असं सांगितलेलं आहे. त्यांना विचारलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: अकोल्याहून वाशीमकडे जाणारी पॅसेंजर जऊळक्याला थांबते. तिकीट एका प्लेट पोह्यांच्या आसपास पडतं. डबा रिकामा असतो, डाव्या खिडकीशी बसा, बार्शीटाकळी सोडल्यावर रान चांगलं दिसतं. यंदा पाऊस बरा झाला. सोयाबीन कमरेला लागलं होतं आणि मधून मधून तुरीच्या ओळी. जऊळक्याला उतरल्यावर स्टेशनबाहेर आलूबोंडे मिळतात. मिरची वेगळी मागून घ्या, नाहीतर विसरतात.

बबनभाऊ मोटरसायकल घेऊन आले होते. ह्यांचे लहानपणचे मित्र, संघाचे व्यवस्थापक, मैदान आखणारेही तेच. मला एकटीला उतरताना पाहून त्यांनी क्षणभर माझ्या मागे पाहिलं. सवयीनं. मग माझी पिशवी घेतली.

"वैनी, खुर्ची नाई आनली?"

"नाही. मी उभी राहणार आहे."

त्यांना लगेच समजलं. "अरे बाप्पा," एवढंच म्हणाले आणि गाडीला किक मारली. थोडं पुढे गेल्यावर मागे न बघता बोलले, "अन् यंदा बी नाई जिंकलो तं?"

"तर पुढच्या वर्षी उभी राहीन."

मैदान पाहिलं आणि मला बऱ्याच महिन्यांनी हसू आलं. दरवर्षी मैदानाच्या रेघा चुन्याने आखतात आणि अर्ध्या खेळात पावसानं पुसल्या जातात. मग भांडणं. म्हणून यंदा बबनभाऊंनी शेतकऱ्याची अक्कल लावली होती. फवारणीच्या पंपात तणनाशक भरून रेघांवर मारायचं, गवत जळून पिवळं पडेल, रेघा मोसमभर राहतील. कल्पना चांगली होती. पण घरात तणनाशक आणि पिकाचं टॉनिक शेजारी शेजारी ठेवलेलं, आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या ओलीनं गेलेल्या. पंपात गेलं टॉनिक. पंधरा दिवसांत सगळं मैदान फिकं हिरवं आणि रेघा मात्र गर्द, हातभर रुंद, वीतभर उंच, तरारून आलेल्या.

"माह्या सोयाबीनले एवढी वाढ नाई," बबनभाऊ कंबरेवर हात ठेवून म्हणाले.

सामना शेजारच्या किन्हीराजाशी होता, त्यांचे लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आले होते. त्यांचे व्यवस्थापक रामेश्वरराव, पांढरी टोपी, आवाज मोठा. त्यांनी रेघ पाहिली. "बबन, फुटबॉल खेळाचा का म्हैस चारायची?"

"तुमचा गोलकीपर बांधा ना तिथं, चरन."

पंच आमच्या वाशीमकडच्या मालेगावहून आलेले, शांत गृहस्थ. म्हणाले, "रेघ पांढरी पाहिजे." बबनभाऊ म्हणाले, "साहेब, दिसून तं राह्यली ना? पावसात बी दिसन." पंचांनी आभाळाकडे पाहिलं, मग रेघेकडे, आणि हो म्हणाले. विळ्यानं कापायला वेळही नव्हता.

मग नेहमीप्रमाणे चेंडूला हळदकुंकू लागलं, दोन्ही गोलच्या खांबांशी नारळ फुटले. शोभाताईंनी, म्हणजे बबनभाऊंच्या पत्नीने, माझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. मी मान हलवली. त्यांनी खुर्ची परत नेली, पण फार लांब नाही.

मी उत्तरेकडच्या गोलजवळ उभी राहिले. टोपी घातली. मोठी होते, कानावर येते.

आता एक कबुली देते. वीस-एक वर्षं मी हा खेळ ऐकला होता, नीट पाहिला नव्हता. खुर्चीतून पुढच्या लोकांच्या पाठी दिसतात आणि मधूनच चेंडू वर उडालेला दिसतो. बाकी सगळं ह्यांच्या तोंडून. ह्यांच्या सांगण्यात जऊळक्याचा दहा नंबर घोड्यासारखा धावायचा. शनिवारी पहिल्यांदा पाहिलं. दहा नंबर चालतो. एकदा तर कंबरेवर हात ठेवून कोणाशी तरी खतांविषयी बोलत होता. ह्यांच्या सांगण्यात आमचे लोक दरवर्षी पंचांमुळे हरायचे. प्रत्यक्षात पहिल्या दहा मिनिटांत आमच्या दोघांनी एकमेकांकडूनच चेंडू हिसकावला. अर्धे अनवाणी, सगळ्यांच्या पाठीवर बी-बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात. मला ह्यांचा राग आला आणि त्याच वेळी इतकं हसू आलं, की टोपी पुढे ओढून घ्यावी लागली.

मध्यंतराला गुडघा ठणकू लागला. शोभाताई पुन्हा खुर्ची घेऊन आल्या. "वैनी, आता खेळ बंद हाय. बंद असताना बसलं तं नवस थोडीच मोडते?"

"हे बसायचे का?"

"नाई."

"मग नको."

त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. चहा उभ्यानेच झाला.

दुसऱ्या अर्ध्यात गोल झाला. जोरात मारलेला चेंडू किन्हीराजाच्याच एकाच्या ढुंगणाला लागून आत गेला. चांगला गोल म्हणता येणार नाही, पण एक-शून्य. एकोणीस वर्षांत पहिल्या सामन्यात आम्ही एवढ्या उशिरापर्यंत कधी पुढे नव्हतो. मैदान एकदम शांत झालं. जिंकायची सवय नसलेल्या लोकांची शांतता वेगळी असते.

शेवटची पाच मिनिटं राहिली असतील. किन्हीराजाचा एक उंच गडी आमच्या गोलकीपरला चुकवून पुढे आला. समोर रिकामा गोल. त्यानं घाईही केली नाही, हलकेच चेंडू ढकलला. चेंडू घरंगळत माझ्यासमोर आला आणि टॉनिकच्या गवतात शिरला. आणि थांबला.

सगळे बघत राहिले. आमच्या गोलकीपरनं पालथं पडून चेंडू पोटाखाली घेतला.

"गोल! गोल हाय!" रामेश्वरराव धावत आत आले.

"कायचा गोल? रेघीत फसला!" बबनभाऊ दुसरीकडून.

पंच अर्ध्या मैदानात होते, ते येईपर्यंत चेंडू पोटाखाली. नियम असा, की पूर्ण चेंडूनं पूर्ण रेघ ओलांडली तरच गोल. आता कोण सांगणार? रामेश्वररावांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी खांबापासून चार हातांवर, रेघेच्या सरळ समोर उभी होते.

"त्या वैनीले विचारा," ते म्हणाले. "मुकुंदराव हयात असते तं नसतं विचारलं. त्या मानसानं उभ्या जन्मात मॅच खरी नाई सांगितली. पन ह्या खोटं नाई बोलत."

चार लोकांत बोलणं मला कधी जमलं नाही. तिथे दोन गावं माझ्याकडे पाहत होती. बबनभाऊ जमिनीकडे पाहत होते, मला नजरेनं काही सांगायला लागू नये म्हणून. मी प्रयोगशाळेत रोज भिंगाखाली पाहते आणि दिसेल तेच लिहिते. तेच केलं.

"चेंडू रेघेत होता," मी म्हणाले. "मैदानाच्या बाजूला गवत दिसत होतं, गोलच्या बाजूलाही दिसत होतं. गोलच्या बाजूचं जास्त."

"मंजे?" रामेश्वरराव.

"म्हणजे पार झाला नव्हता. गोलच्या बाजूचं गवत दिसलं नसतं तर मी तसं सांगितलं असतं."

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "टॉनिकनं हरवलं बे आमाले," म्हणाले आणि बाहेर गेले. पंचांनी गोल नाकारला. थोड्या वेळानं शेवटची शिट्टी झाली.

ओरडा नंतर झाला. आधी शोभाताईंनी खुर्ची आणून माझ्या मागे ठेवली. मैदानातून बबनभाऊ ओरडले, "वैनी, बसा आता!" मग सगळेच म्हणू लागले, बसा, बसा. मी बसले. कोणी माझ्या डोक्यावरून काही बोललं नाही.

रात्री जेवायला भाकरी, आंबाडीची भाजी, ठेचा. शोभाताईंनी राहण्याचं काही घेतलं नाही, विचारलं म्हणून रागावल्या.

रविवारी रिसोडच्या मैदानावर रिसोडचा सामना मालेगावशी. आमचा संघ त्यात नव्हता, पण हे दोन्ही दिवस बघायचेच. जऊळक्याहून मालेगावपर्यंत जीप मिळते, भरल्याशिवाय सुटत नाही, तासभर हाताशी ठेवा. मालेगावहून शिरपूरमार्गे रिसोडची एसटी. रिसोडला बाजारात कचोरी खा, पण दुपारी बारानंतर जाऊ नका, संपते.

बबनभाऊंनी आधीच पहिल्या रांगेत माझ्यासाठी खुर्ची धरली होती. पुसून दिली. सामना सुरू झाला आणि पहिली रांग कुठली राहते, लोक पुढे येऊन उभे राहिले. मला पाठी दिसू लागल्या. एक चेंडू वर उडाला. ओरडा झाला, काय झालं कळलं नाही. मी वाट पाहत राहिले. कसली, ते जरा वेळानं लक्षात आलं.

मी उठले.

"काहून उठल्या वैनी? नवस तं फिटला!"

"फिटला. पण बसून काही दिसत नाही, बबनभाऊ."

रिसोड दोन-एकने जिंकलं. मी सगळं पाहिलं. पट्टा बांधला होता, गुडघ्याचं निभावलं. संध्याकाळी रिसोडहून अकोल्याची एसटी घेतली. पातूरच्या पुढे रस्ता चांगला झाला आहे.

घरी आले तेव्हा सासूबाई जाग्या होत्या. घडीची खुर्ची त्यांनी कोणाकडून तरी उघडून घेतली होती आणि गॅलरीत तिच्यात बसल्या होत्या. मला पाहिल्यावर फक्त भुवया वर केल्या.

"जिंकलो," मी म्हणाले. "नवस फिटला."

त्यांनी हात जोडले. मग म्हणाल्या, "कसा झाला गोल?"

मी पिशवी खाली ठेवली. त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले, खुर्चीच्या पाठीला हात लावून. टोपी अजून डोक्यावरच होती.

"आई," मी म्हणाले, "आपला दहा नंबर असा धावला, अगदी घोड्यासारखा."