लेओन्सबाबाची जागा

लेओन्सबाबा रस्तेदुरुस्तीच्या कामावरून निवृत्त झाला, तरी त्याचे पाय काही रस्ता सोडेनात. ऑगस्ट सरत आला की रोज सकाळी सहाला तो मार्स्यालच्या खिडकीखाली जाऊन खाकरायचा आणि दोघे म्हातारे चेस्टनटच्या रानाकडे निघायचे. परतताना गावात येणाऱ्या पावाच्या गाडीपाशी हवामान सांगायचं काम त्याचं. धुकं दरीत बसलंय, दुपारी ऊन. दक्षिणेचा वारा सुटलाय, संध्याकाळी गडगडणार. अंदाज चुकलाच तर म्हणायचा, पडला की पाऊस, शेजारच्या गावात.

रानात अळंबी उगवायची जागा मात्र त्यानं कुणाला सांगितली नाही. आमच्याकडे बाप मुलाला घर देऊन टाकतो, पण अळंबीची जागा अगदी मरायला टेकल्यावरच दाखवतो. लेओन्सबाबाची जागा फक्त मार्स्यालला ठाऊक होती. चार वर्षांपूर्वी मलाही कळली.

वादळ होऊन आठवडा झाला होता. मी सकाळची फिरायला गेले होते आणि दाट धुक्यात पुढून आवाज आला. "लहान आहेत रे अजून. परवा काढू," लेओन्सबाबा मार्स्यालला सांगत होता. मी झाडाआड उभी राहिले. निदान खोकायचं तरी होतं. पण दुसऱ्या दिवशी लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला येणार होती आणि मला मिरवायचं होतं. उजाडता उजाडता जाऊन मी सगळी अळंबी कापून आणली. घाईत बुडख्यांवर पाला सारायचंही राहिलं. विहीणबाईंनी दोनदा मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी लेओन्सबाबानं पावाच्या गाडीपाशी, सगळ्यांसमोर, मार्स्यालला चोर म्हटलं. "मी नाही रे," एवढंच मार्स्याल म्हणाला. मी पाव काखेत धरून तिथंच उभी होते. तशीच घरी आले. उद्या सांगू, उद्या सांगू, असं मी स्वतःला रोज बजावत राहिले. पुढे एक म्हातारा रानाकडे फिरायला जायचा, दुसरा नदीकडे.

गेल्या जानेवारीत मार्स्याल गेला. लेओन्सबाबा त्याच्या मातीला आला नाही. मी गेले, तीही फुलं घेऊन. इतकी मी निर्लज्ज.

परवा लेओन्सबाबानं मला बोलावून घेतलं. गुडघे संपलेत, म्हणाला, पुढच्या वर्षी चढवणार नाही. ना मूल ना बाळ, शेजारची म्हणून तूच काय ती, तेव्हा जागा तुलाच दाखवतो. आम्ही थांबत थांबत चढलो. निघताना लख्ख ऊन होतं, वर पोचेस्तोवर वारा फिरून आभाळ भरून आलं. त्यानं काठीनं नेचा बाजूला केला. मला ती जागा नवी असल्यासारखं बघावं लागलं.

"मार्स्यालनं एकदा कबूल केलं असतं ना पोरी," तो म्हणाला, "तर मी विसरून गेलो असतो."

मग मात्र मला राहवेना. धुकं, जेवण, विहीणबाई, सगळं सांगितलं. तो ओंडक्यावर बसून ऐकत होता. पावसाचे थेंब पडायला लागले.

"चार वर्षं मी त्याला शिव्या घातल्या. त्याच्या मातीला गेलो नाही," तो म्हणाला. "आणि तू आत्ता सांगतेस. आता माफी मागायला मी कुणाकडे जाऊ?"

मी उठवायला हात पुढे केला. तो त्यानं धरला नाही. झाडांना टेकत, घसरत, तो भर पावसात एकटाच उतरला. मी वीस पावलं मागे होते. खाली आल्यावर तो घराकडे वळला नाही, दफनभूमीच्या रस्त्याला लागला. त्याच्यामागे तिथवर जायची माझी हिंमत झाली नाही.