बोलाबंदीच्या शहरात

कितीही जुलमी राजवट येऊ द्या, आमच्या पोंभुर्ण्याकडच्या गावात ती आठ दिवस टिकायची नाही, हे सिद्ध करणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे माझा मामा. बिचाऱ्याला दाखवायचं होतं नेमकं उलटं.

ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या मामाला जुन्या परदेशी कादंबऱ्यांचा भारी नाद. त्याही कसल्या, तर ज्यांत सरकार माणसाच्या मनावर पहारा बसवतं आणि शेवटी कोणाचंच भलं होत नाही. वाचून आपला चेहरा उतरतो, मामाचा खुलायचा. एका लग्नाच्या पंगतीतही कॅमेऱ्यासारखी बोटांची चौकट डोळ्यापुढे धरून म्हणाला, "हे कैद्यायचं जेवण हाये. जरा न हसता वाढा ना बाई." वाढणारी माझी आत्या होती, तिने त्याला वरणच वाढलं नाही.

अशाच एका कादंबरीवर त्याने सिनेमा काढायचं ठरवलं. बोलण्यावर बंदी असलेलं शहर! कॅमेरा म्हणजे माझा मोबाईल, शहर म्हणजे बंद पडलेली धानाची गिरणी, नागरिक म्हणजे अख्खा मोहल्ला. नायक मात्र आधीच ठरलेला, मामाचा जिवलग मित्र. तीस वर्षं आमच्याकडची झाडीपट्टीची नाटकं गाजवलेला नट. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला आणि तेव्हापासून तो घराबाहेर पडेना. "सारं शहरच मुकं असन, तं याले कोण मुका म्हणन?" मामा मला म्हणाला. सगळा खटाटोप एवढ्यासाठी होता. त्या दिवशी मला मामा फार आवडला.

प्रसंग साधा होता. भेदरलेले नागरिक खाली मान घालून, चकार शब्द न काढता नायकाजवळून जातात. पण आमच्याकडे विचारपूस न करता कोणी पुढे गेला, की भांडण झालंय असं समजतात. पहिलाच नागरिक थांबला, "जेवला का गा भाऊ?" दुसऱ्या खेपेला एका बाईने जय भीम केला. सातव्या खेपेला मामाने हात जोडले, "इथी बोलणाऱ्याले फाशी हाये, समजून घ्या ना गा."

"म्हणून का विचारू नाई?" एक म्हातारे म्हणाले. "चार महिने झाले, हा दिसलाच नाई."

दगडासारखं उभं राहायचं ठरलेल्या नायकाने पोटावर हात ठेवून मान डोलावली, जेवलो. मग हातानेच विचारलं, तुम्ही? लोक त्याच्याभोवती जमले. मामाने 'कट' म्हटलंच नाही. मी मोबाईल बंद करायला विसरलो.

सिनेमा अर्धाच राहिला. मित्र आता रोज सकाळी चहाला मामाकडे येतो. तो गेला की मामा मला ते शूटिंग लावायला सांगतो. "साऱ्या सिनेमाची वाट लावली त्यायनं," म्हणतो, आणि शेवटी हळूच, "आवाज होता तवाबी हा एवढा चांगला नाई बोलला कधी." मग चष्मा पुसतो आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगतो.