वॉर्डमध्ये वाडीची बोली

प्रिय एल्विन आणि रिया,

रविवारी फोनवर तुम्ही सांगितलंत, लंडनला जिन्याला ‘ॲपल्स’ म्हणतात. ‘ॲपल्स अँड पेअर्स’चं यमक ‘स्टेअर्स’शी जुळतं म्हणून. ही बोली फेरीवाल्यांनी काढली म्हणे. पोलिसांना कळू नये म्हणून की गिऱ्हाइकाला, हे नक्की कोणालाच ठाऊक नाही. गिरीज गावातल्या आपल्या घरातही अशीच बोली होती. मी ती सैन्यात वापरली. ती पुरी येणारे आता मी आणि माझा तिथला सहकारी अंतोन, दोघेच उरलो, म्हणून लिहिते.

माझे वडील आमच्या वाडीतली केळी बाजारात विकत. गिऱ्हाइकासमोर शब्द लपवावा लागे. चहाचं यमक ‘नऊ-दहा’. त्यातला ‘दहा’ गाळायचा. चहा झाला ‘नऊ’. ‘गेला’, म्हणजे मेला, याचं यमक ‘तांब्या-पेला’; ‘पेला’ गाळून उरला ‘तांब्या’.

मी मिलिटरी नर्सिंगमध्ये लेफ्टनंट होते. पोस्टिंग उत्तर सीमेवरच्या फील्ड हॉस्पिटलमध्ये. माझा नर्सिंग असिस्टंट नायक अंतोन, शेजारच्या गास गावचा. त्याचे आईवडील आमच्याच बाजारात बसत. जखमी बहुतेक मराठी. वाईट बातमी असली की त्यांच्यासमोर आम्ही वाडीची बोली बोलायचो. एरवी नाही.

एका सकाळी जखमी आणणाऱ्या आमच्या गाडीवर तोफगोळा पडला. हवालदार जाधवांच्या पोटात जखम. ड्रायव्हर शिपाई संपत त्यांच्याच गावचा. अकरा वाजता ऑपरेशनच्या टेबलावरच त्याचा जीव गेला. सर्जन मेजर म्हणाले, “हेलिकॉप्टर येईपर्यंत जाधवांना कळता कामा नये. बीपी टिकलं पाहिजे.”

रेडिओवर आवाज आला. “हेलिकॉप्टरला एक तास. हवामान खराब. ओव्हर.”

जाधवांनी विचारलं, “सिस्टर, संपत कुठाय?”

“उपचार चालू आहेत.”

तेवढ्यात अंतोन आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, “मॅडम, तांब्या कुठे ठेवायचा?”

जाधवांनी ड्रिपची सुई उपसली आणि उठायला लागले. पट्टी लाल झाली.

“हलू नका, हवालदारसाहेब!” अंतोननं खांदे दाबले.

“तुमचं ते कोडं सुरू झालं की कोणीतरी मेलेला असतो. अख्ख्या वॉर्डाला ठाऊक आहे. सरळ सांगा, मग झोपतो.”

रक्त थांबत नव्हतं. मी ऑर्डर मोडली. “संपत गेला. मी जवळ होते.”

“काही बोलला?”

“नाही. शुद्धीवर नव्हता.”

ते आडवे झाले. “लावा सुई.”

बीपी टिकलं. स्ट्रेचर उचलताना ते अंतोनला म्हणाले, “नायक, कधी चहापाण्याचंही बोला त्या भाषेत. नुसती मढी मोजता!”

त्यानंतर मृत्यूची बातमी आम्ही सरळ सांगितली. ती बोली चहा-चपातीसाठी ठेवली. हिवाळ्यापर्यंत सगळा वॉर्ड ‘नऊ’ मागू लागला.

संपत बावीस वर्षांचा होता. घाटातल्या वळणांवर तो गाडी इतकी सावकाश घ्यायचा की मागचे जखमी झोपी जात. साताऱ्याकडे त्याच्या गावी शाळेपाशी त्याच्या नावाचा दगड आहे. जाधव अजून त्या गावात राहतात. त्यांची नातवंडं चहाला ‘नऊ’ म्हणतात. का, ते त्यांना माहीत नाही.