बारा व्होल्टांचा परतीचा रस्ता

गुणाजीला वैतागायला कारण लागत नसे, पण त्या दुपारी कारण छापून आलं होतं. वागळे इस्टेटीत त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं पत्र्याचं दुकान. शेजारच्या कारखान्यातले हरिहर इंजिनीअर हातात मासिक घेऊन आत शिरले. साल अठ्ठ्याण्णव. जपानात म्हणे पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणारी मोटार निघाली होती आणि तिच्यात जवळजवळ तीनशे व्होल्टांची बॅटरी होती.

"गुणाजी, गुंडाळा आता तुमचं बारा व्होल्टांचं दुकान!"

"पुढचं पान वाचा की साहेब," गुणाजी खेकसला.

हरिहरांनी वाचलं आणि त्यांचा आवाज उतरला. त्या गाडीतही एक छोटी बारा व्होल्टांची बॅटरी होतीच. दिवे, हॉर्न, वायपर सगळे तिच्या जिवावर. चावी फिरवल्यावर मोठ्या बॅटरीची कळ जोडून देणारा कॉम्प्युटरसुद्धा तिच्यावरच चालायचा. मोठी या छोटीला चार्ज करत राहते हे खरं, पण छोटी झोपली तर मोठीला उठवायला कोणी नाही.

"आणि छोटीची वीज परत कुठनं येते? गाडीच्या पत्र्यातनंच ना?" गुणाजीचा पारा चढत गेला. "वीस वर्षं बोंबलतोय मी. वीज नुसती जात नाय, परत पण यायला लागते. पण बारा व्होल्ट शॉक देत नाय ना, मग त्याला कोण विचारतो!"

एवढ्यात चेंदणी कोळीवाड्यातून त्याची थोरली बहीण दगडाबाई धापा टाकत आली. टेम्पो पुन्हा बंद पडला होता.

गुणाजीने कपाळावर हात मारला. खाडीत मासळी राहिली नाही म्हणून भावोजींनी, म्हणजे दामाजींनी, होडी विकून हा टेम्पो घेतला होता. कल्याणच्या एका खानावळीला रोजची मासळी पोचवायचं काम मिळालं होतं. महिन्याभरात दोनदा टेम्पो चालू झाला नाही, दोनदा उशीर झाला. आज चारच्या आत माल पोचला नाही तर काम दुसऱ्याला, असं खानावळवाल्याने सांगून टाकलं होतं. मग साठीला टेकलेल्या दामाजींनी कुठल्या तरी गेटवर वॉचमन म्हणून उभं राहायचं.

दोन्ही वेळा बॅटरी उतरलेली निघाली होती आणि दोन्ही वेळा गुणाजीने अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा तमाशा केला होता. "दिवे चालू ठेवून झोपता आणि बोल मला लावता! होडी वल्हवणं वेगळं नि गाडी वेगळी, भावोजी!" आळी हसली होती. दामाजी एवढंच म्हणाले होते, "मी दिवं बंद केलेलं."

स्कूटरवर बहिणीला मागे बसवून तो कोळीवाड्यात पोचला तेव्हा टेम्पोत बर्फ वितळून पाणी गळत होतं. आळीतली माणसं मजा बघायला जमलीच होती. दामाजींनी चावी फिरवली. नुसतं टक. गुणाजीने तोंड उघडलं, पण मासिकावरून स्वतःच केलेली बडबड अजून डोक्यात होती. त्याने एक जाड केबल घेतली, बॅटरीच्या ऋण टोकापासून सरळ इंजिनाला लावली. हाताने दाबून धरलेल्या केबलवर इंजिन घरघरलं, पण चालू झालं नाही. म्हणजे बॅटरीत जीव होता, वीज जात होती, परतीच्या वाटेवरच अडत होती.

तो टेम्पोखाली सरपटला. बॅटरीकडून येणारी अर्थिंगची, म्हणजे परतीच्या विजेची, पट्टी चासीच्या लोखंडाला बोल्टने घट्ट आवळलेली होती. बोल्ट काढला तर पट्टीच्या खाली निळाशार ऑइलपेंट. पट्टीच्या टोकालाही पेंट, आतून-बाहेरून, दोन-दोन हात.

"भावोजी! हे कोणी केलं?"

"मीच. नारळी पुनवेला," दामाजी म्हणाले. "होडीचं असंच करतान. कडी काढायची, खाली रंग द्यायचा, मंग बसवायची. नायतर गंज धरतो."

होडीला ते शंभर टक्के बरोबर होतं. इथे मात्र त्या रंगाने विजेची परतीची वाट बुजवली होती. बारा व्होल्टांत जोर तो किती, एवढा थरही त्यांना भारी. म्हणून बॅटरी धड चार्जही होत नव्हती आणि तिच्यात जे उरायचं ते स्टार्टरपर्यंत पोचत नव्हतं. गुणाजीचा जीव चडफडला, पण आता कोणावर? गाडी कोणाचीही असो, आधी अर्थिंग बघ, असं तो जगाला सांगायचा. भावोजींच्या गाडीचं त्याने बघितलंच नव्हतं. कोळ्याला गाडी कळत नाही हे त्याने, स्वतः कोळी असून, आधीच ठरवून टाकलं होतं.

त्याने पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत घासलं, पट्टी आवळली, वरून ग्रीस लावलं. दामाजींनी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात धडधडलं. पावणेतीन वाजले होते.

"निघा, भावोजी. शीळफाट्याला गर्दी असेल."

दामाजींनी गियर टाकला नाही. खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिले.

"मंग दिवं मी बंद केलेलं ना?"

"केलेले," गुणाजी पुटपुटला.

"अहो, निघा ना! वेळ जातोय!" दगडाबाई ओरडली. दामाजी हलले नाहीत.

"त्या दिवशी बोललास तसा बोल. जोरात."

गुणाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने आळीकडे तोंड केलं आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडून सांगितलं, "भावोजींनी दिवे बंद केलेले! दोन्ही वेळेला! चूक माझी होती!"

मग दामाजींनी गियर टाकला.