मधेच मेलं तर काय?

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या गृहस्थाइतका सावकाश निर्णय घेणारा माणूस परळपासून दादरपर्यंत दुसरा झाला नसेल, आणि पुढे माहीमला असेल असंही मला वाटत नाही. लोक घर घ्यायला जितका वेळ लावतात तितका हा वडा की भजी ठरवायला लावायचा. जेवणाच्या सुट्टीत आधी दोन खानावळींसमोर उभं राहायचं, बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकांचे चेहरे न्याहाळायचे, आणि हे सगळं करून सुट्टी संपली की टपरीवर उभ्या उभ्या वडापाव खायचा. एकदा त्याच्या आईनं सांगितलं म्हणून तो दादरच्या बाजारात पापलेट घ्यायला थांबला. मी सोबत होते. टोपलीतल्या एकेका माशाचे कल्ले तो उघडून बघायला लागला तशी कोळीण वैतागली. "म्हावरं घेतोस का सोयरीक जुळवतोस रं?" तर हा शांतपणे म्हणतो, "मावशी, दोन्हीत घाई बरी नाय." मी उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

असल्या माणसावर आमच्या साहेबांनी एक टूल निवडायचं काम सोपवलं, याला हौसच म्हणायची. आम्ही एका पॅथॉलॉजी लॅबसाठी वेब ॲप्लिकेशन बनवत होतो. रिपोर्ट तयार करणं, पेशंटना आठवणीचे मेसेज पाठवणं ही कामं ठरल्या वेळी आणि मागच्या मागे व्हायला हवी होती, स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला ताटकळत न ठेवता. त्यासाठी तयार टूल्स ढिगानं मिळतात. साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "अरे, आपल्या डेटाबेसवरच चालतं ते साधं घे आणि मोकळा हो." हा "बघतो सर" म्हणाला. गणपती येऊन गेले, दिवाळी येऊन गेली, आणि हा आपला बघतोच आहे.

बघण्याची त्याची रीतही जगावेगळी. कुठलं टूल किती वेगवान, ते किती कंपन्या वापरतात, याला त्याच्या लेखी कवडीची किंमत नव्हती. त्याचा प्रश्न एकच: "हे मधेच मेलं तर काय?" मग तो टूलला एक काम द्यायचा, ते अर्ध्यावर आलं की निर्दयपणे टूल बंद करायचा, पुन्हा चालू करायचा, आणि राहिलेलं काम त्याला आठवतंय का ते बघत बसायचा. विसरलं तर नापास. तेच काम दोनदा केलं तरी नापास. मी चिडवलं तर म्हणायचा, "हसू नको गो. बाबांची गिरणी मधेच बंद पडली ना, तेव्हा पुढे काय ते कुणी ठरवलंच नव्हतं. चाळीतल्या चाळीत माणसं बसून राहिली."

चाचणीचं काम म्हणजे माझ्या मोबाइलवर मेसेज पाठवणं. का, तर माझा फोन हाताशी असायचा. मजकूर त्यानंच लिहिला होता: "जेवण झालं काय?" एका टूलनं हे मला लागोपाठ तीनदा विचारलं, दुसऱ्यानं थेट संध्याकाळी चहाच्या वेळी विचारलं. एक टूल तर साफ विसरलं, आणि त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. आता आडपडदा कशाला, मला तो फार आवडायचा. निवड लांबत होती तेव्हा सगळं ऑफिस त्याच्या नावानं बोटं मोडत होतं आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, चालू दे. फक्त एकदा तरी त्यानं हे चाचणीशिवाय विचारावं, एवढीच माझी इच्छा होती.

मग एक दिवस त्याच्या हातून घोटाळा झाला. चाचणीच्या नंबराऐवजी लॅबच्या खऱ्या पेशंटांचे नंबर लागले आणि गिरगाव ते भोईवाडा अख्ख्या मुंबईला "जेवण झालं काय?" गेलं. लॅबचे फोन खणखणायला लागले. एका आजोबांनी उलट कळवलं, "झालं. मुगाची खिचडी. तुमचं?" एका बाईंनी फोन करून सांगितलं की बऱ्याच दिवसांनी कुणी विचारलं, बरं वाटलं. साहेब संतापले, बाकीचे पोट धरून हसले. मीही हसले, पण खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. तो प्रश्न मी माझा समजून बसले होते.

त्यानंतर मात्र साहेबांनी त्याला समोर बसवूनच निर्णय घ्यायला लावला. त्यानं निवडलं ते साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलेलंच टूल. "मग इतके महिने केलंस काय?" साहेबांनी कपाळाला हात लावला. "तेव्हा ते आवडलं होतं सर," हा म्हणाला, "आता खात्री आहे." टूल बसलं, चाचण्या संपल्या, माझा फोन गप्प झाला.

पुढे त्याला बंगळूरची नोकरी मिळाली. त्यासाठी त्याला ठरवावं लागलं नाही, बहिणीनंच परस्पर होकार कळवून टाकला होता. जायच्या आधी एका संध्याकाळी आम्ही वरळी कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलांमधून वाट काढत समुद्रापर्यंत गेलो. मी धीर करून विचारलं, "आता मला जेवणाचं कोण विचारणार रे?" तो थांबला. "सीरियसली विचारतेस?" मी हो म्हटलं. त्यानं किनाऱ्यावरच्या होड्या एकेक करून न्याहाळल्या. मग म्हणाला, "हे असं पटकन नाय सांगणार मी. नीट विचार करून सांगीन."

याला आता पुष्कळ दिवस झाले. मैत्रिणी म्हणतात, नाही म्हणायची ही सभ्य रीत असते. असेल इतरांची. हा विचार करून सांगतो म्हणाला आहे, म्हणजे बंगळुरात कुठेतरी बसून तो खरोखरच विचार करत असणार. गेल्या रविवारी आई पुन्हा म्हणाली, "अगं, स्थळ चांगलं आहे, निदान मुलाला भेटून तरी घे." मी म्हटलं, थांब जरा. "किती?" तिनं विचारलं, आणि मी म्हटलं, "नीट विचार करून सांगीन."