मोसंबी पिळायची मशीन

हे गेले त्याला चार महिने झाले होते. घराच्या पुढच्या खोलीतलं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान मी चालूच ठेवलं होतं. सकाळी शटरकडे हात जायचा, म्हणून ते वर व्हायचं.

मोटारीत तारेचे वेढे भरायचं काम आधीपासून माझंच. बेअरिंग हे बसवायचे. शाफ्टवर, म्हणजे मोटारीच्या फिरत्या कण्यावर, पाइपचा तुकडा ठेवून हातोडीनं ठोकायचे आणि बेअरिंग सरळ खाली जायचं. मी ठोकलं की तिरपं जायचं. भासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या, नरखेडकडच्या बागेतली मोटार त्यामुळे दोनदा आवाज करत परत आली. दुसऱ्यांदा ते दारात उभे राहून शेजारणीला म्हणाले, “तिले सांगा, ठोकू नको. दाबून बसवाची मशीन घेऊन देतो. तिसऱ्यांदा आवाज आला तं दुकान बंद. गावाले चालाचं.”

मी आत उभी होते, सगळं ऐकत होते. पण आमच्यात भासऱ्यांपुढे बोलत नाहीत. अठरा वर्षांत मी त्यांच्याशी थेट बोललेच नव्हते.

गावी जायचं वाईट वाटत होतं का, तेही कळत नव्हतं. एवढंच माहीत होतं की वेढे मोजताना डोक्यात दुसरं काही येत नाही. गावी मोजायला काही नव्हतं.

लकडगंज बाजारातल्या अवजारांच्या दुकानात भासरे पुढे, मी दोन पावलं मागे. पिशवीत त्यांच्याच मोटारीचा शाफ्ट आणि पेपरात गुंडाळलेलं बेअरिंग होतं. दुकानदारानं दोन हॅन्ड प्रेस दाखवले. एक मोठा, लांब दांड्याचा. दुसरा गुडघ्याएवढा. दांडा ओढला की दोन्हींचा लोखंडी खांब खाली येऊन दाबायचा.

“मोठाच दे गा,” भासरे म्हणाले. “हा लहान काहाले ठेवला? मोसंबी पिळाले?”

“पिळा ना काकाजी, रस चांगला निघते,” दुकानदार हसला.

तो बांधायला दोरी शोधू लागला. मी पेपराची पट्टी फाडली, मोठ्याच्या खांबाखाली ठेवली आणि दांडा हलकेच दाबून धरला. एका बाजूनं पट्टी अडकली. दुसऱ्या बाजूनं ओढली तर सरकन निघाली. मोटारीचं झाकण सारखं बसलं का, ते हे असंच तपासायचे. खांबाला बोट लावलं तर तो हललाही. लहानाखाली चारही बाजूंनी पट्टी अडकली.

दुकानदाराला दोरी सापडली होती. मी त्याच्याकडे बघून म्हणाले, “भाऊ, मोठा वाकडा दाबते. बेअरिंग तिरपंच जाईन. लहान द्या.”

आवाज मला स्वतःलाच अनोळखी वाटला. भासरे वळले नाहीत. समोरच्या कपाटाकडे बघत होते.

“बसवून दाखवा म्हणा,” ते दुकानदाराला म्हणाले.

मी लहान प्रेसवर शाफ्ट उभा केला, बेअरिंग ठेवलं, वर पाइपचा तुकडा. दांडा सावकाश ओढला. बेअरिंग सरकत गेलं आणि तळाशी टेकलं तेव्हा दांडा हाताला घट्ट लागला. मी तिथेच थांबले. बेअरिंग बोटानं फिरवलं. आवाज न करता फिरत राहिलं.

भासऱ्यांनी वाकून ते स्वतः एकदा फिरवलं.

“बाई म्हणते तो बांध,” ते म्हणाले.

त्यांची मोटार त्याच आठवड्यात जोडून पाठवली. ती परत आली नाही. पंधरा दिवसांनी भासरे आले ते बांधावरच्या शेजाऱ्याची मोटार घेऊन. माझी शेजारण घरी नव्हती. ते थोडा वेळ दारात घुटमळले. मग प्रेसकडे बघत म्हणाले, “याहीचं बेअरिंग गेलं आहे. मोसंबीच्या मशीनवर बसवून दे.”

मी हो म्हटलं. ते एसटी पकडायला गेले. मला बरं वाटलं असेल. मी मोटार उघडली.