मेथीच्या पोत्यातलं डॅनिश

वाशीमच्या भाजीबाजारात रंगरावची मेथी लांबून ओळखू येते. जुड्या सारख्या, देठ एका रेषेत, बांधलेल्या गाठीसुद्धा सगळ्या एकाच बाजूला. शहराच्या कडेला त्याचा छोटा मळा आहे. तिथले वाफे तो दोरी लावून आखतो. एखादा वाफा बोटभर तिरपा गेला, तर बी टाकून झालं असलं तरी मोडतो. त्याची बायको गिरजाबाई विचारतात, "मेथीले समजते काय, वाफा वाकडा हाय म्हून?"

"मले समजते न," रंगराव म्हणतो.

असा हा माणूस कुणाला घाबरणारा नव्हे. पण मुलाच्या, धीरजच्या वेळी गिरजाबाईंना दिवस गेले होते, तेव्हा भर उन्हाळ्यात त्यांना हिरवी बोरं खावीशी वाटली. रंगराव बाजारभर हिंडला आणि खारका घेऊन आला. पुढे धीरजचा डावा कान लहानपणभर वाहत राहिला. बाईचे डोहाळे अपुरे राहिले की लेकराचा कान फुटतो, अशी आमच्याकडे समजूत आहे. धीरज शाळेत माझ्याच हाताखाली शिकला. कानात कापसाचा बोळा घालून तो पाढे म्हणायचा. डॉक्टरांनी कारण वेगळं सांगितलं होतं, पण गिरजाबाईंनी ते मनावर घेतलं नाही. घरातलं कोणतंही भांडण, मग ते नासलेल्या दुधावरून का असेना, एकाच वाक्यावर संपायचं: "बोरं मांगतली त खारका आननारा मानूस तुमी!"

त्यामुळे यंदा उन्हाळ्यात सून उज्ज्वला म्हणाली, "मामाजी, मले डॅनिश खावंसं वाटून राह्यलं," तेव्हा रंगरावच्या हातातला चहा बशीत सांडला.

उज्ज्वला अकोल्याची. लग्नानंतर धीरजबरोबर पुण्याला नोकरी करत होती आणि बाळंतपणाआधी काही दिवस सासरी राहायला आली होती. पुण्यात तिच्या ऑफिसखाली एक बेकरी होती, तिथे ती डॅनिश खायची. तिने सासऱ्यांना समजावून सांगितलं. खारीसारखे पदर, पण आतून मऊ आणि मधोमध गोड काहीतरी भरलेलं.

रंगरावने शहरातल्या बेकऱ्या पालथ्या घातल्या. खारी होती, टोस्ट होते, नानखटाई होती, क्रीमरोल होते. एका दुकानदाराने तर खारीला मध्ये खड्डा पाडून त्यात जाम भरून देतो, असंही सुचवलं. रंगराव घाबरून दोन पावलं मागे सरकला. ही तर खारकांचीच गोष्ट झाली असती.

धीरज फोनवर म्हणाला, "मी पाठवतो न पुण्याहून, ट्रॅव्हल्सच्या गाडीत."

"अन् इथी येईस्तोवर त्याचा मलिदा होईन. तू नोको सांगू. मी घरी करतो."

"बाबा, तुमाले चहा तरी येते काय करता?"

"चहाचे डोहाळे नाई लागले तिले."

अडचण एकच होती. रविवारी उज्ज्वलाचे वडील जगदेवराव तिला माहेरी न्यायला येणार होते. सासरी लागलेले डोहाळे सासरीच पुरवायचे, हा गिरजाबाईंचा नियम. एकदा सून गाडीत बसली की रंगरावची संधी गेली.

त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ शोधला. त्यात एक बाई कणकेसारखं मैद्याचं पीठ मळून त्यात लोण्याची थंडगार वडी गुंडाळत होती. मग लाटायचं, तीन पदरी दुमडायचं, थंड करायचं. पुन्हा लाटायचं, पुन्हा दुमडायचं. उज्ज्वला मदतीला उठली, तर रंगरावने तिला खाली बसवलं. "जिचे डोहाळे तिनंच लाटाचे काय? बस तू. हसू नोको फक्त."

ती मात्र शेवटपर्यंत हसतच होती.

पहिल्या दिवशी लाटणं गिरजाबाईंच्या हातात होतं. पीठ चौकोनी लाटायचं होतं. गिरजाबाईंनी सुरुवात चौकोनीच केली, पण लाटणं दोनदा फिरलं आणि पोळी गोल झाली. पुन्हा गोळा, पुन्हा चौकोन, पुन्हा गोल.

"अव, कोपरे कुठी गेले?" रंगराव ओरडला.

"हाताले सवय हाय! जलमभर कोनाले चौकोनी पोळी वाढली काय मी?"

शेवटी रंगरावने वाफ्याची दोरी धुऊन आणली, ओट्यावर ताणून धरली आणि तिच्या कडेकडेने स्वतः लाटायला लागला. कोपरे काटकोनात आले. तेवढ्यात लाईन गेली. फ्रिज आधीच पाण्याच्या बाटल्यांनी आणि कैऱ्यांनी गच्च भरलेला. त्यात ठेवलेलं पीठ घामेजलं, लोणी चारही बाजूंनी बाहेर आलं आणि रंगरावचा वाफा भरून वाहू लागला. गिरजाबाईंनी त्याच्या दशम्या केल्या. त्या छान झाल्या, म्हणून रंगराव आणखी चिडला.

शनिवारी त्याला उपाय सापडला. मळ्यात तोडलेली मेथी ओल्या पोत्यात भरून चिंचेखाली ठेवतात. उन्हाळ्यातसुद्धा त्या पोत्यात हात घातला की कोपरापर्यंत गार वाटतं. रंगरावने दिवसभर तेच केलं. लाटलं, दुमडलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, मेथीत खुपसलं. पुन्हा काढलं, लाटलं, पुन्हा खुपसलं. लोणी जागचं हललं नाही. शेवटची घडी रात्रभर मुरवायची होती, म्हणून त्याने ती पोत्याच्या मधोमध नीट झाकली आणि समाधानाने झोपला.

आता, ओल्या पोत्यात जे असतं ते पहाटे बाजारात जातं. हे रंगरावच्या मळ्यावर इतक्या वर्षांत कुणी कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगायची गरजच पडलेली नाही. बबलू आपला मालवाहू ऑटो घेऊन अंधारातच येतो, चिंचेखालची पोती उचलतो आणि हर्रासाला, म्हणजे बाजारातल्या लिलावाला, नेतो. रविवारीही तो आला आणि घेऊन गेला.

रंगराव उठला तेव्हा चिंचेखाली ओल्या मातीचे चार गोल डाग तेवढे उरले होते.

तो मोटरसायकलवर बसला तो पायजमा-बंडीवरच. बाजारात पोचेपर्यंत हर्रास संपला होता.

"बबल्या, पोते कोनं घेतले?"

"तीन त गेले बाहीरगावच्या गाडीत. एक लखीरामनं घेतलं. काहून? भाव त चांगला भेटला."

"भाव जाऊ दे रे! पोत्यात डॅनिश होतं!"

बबलूला काय समजलं कोण जाणे, त्याने हात जोडले आणि म्हणाला, "माह्यासमोर त मेथीच होती, काका. देवाशपथ."

लखीरामचं हॉटेल बसस्टँडजवळ आहे. सकाळी तिथे मेथीची भजी असतात. रंगराव आत शिरला तेव्हा लखीराम कढईपाशी उभा होता, आणि कढईत भजी नव्हती.

"लखीराम, तुह्या मेथीत माहं पीठ होतं!"

"तुह्यं होय ते? मी म्हनलं, रंगराव मेथीवर भेट देऊन राह्यला."

"हाय कुठी?"

"अर्धं तळलं. पाकात टाकलं. हे मंडळी खाऊन राह्यले पाह्य."

बाकावर एक एसटीचा वाहक बसला होता. त्याने बशी पुढे केली. "भाऊ, याची अजून एक प्लेट. नाव काय याचं?"

"नाव अजून ठेवाचं हाय," लखीराम म्हणाला.

रंगराव भांडायच्या तयारीने आला होता. पण त्याची नजर त्या बशीवर गेली. तळलेल्या तुकड्याचे पदर सुटले होते. एकावर एक, पातळ, मोजता येणार नाहीत इतके. त्याने वाहकाच्या बशीतला तुकडा उचलला, डोळ्यांसमोर धरला आणि कडेने बघितला.

"सरळ हायत," तो म्हणाला. "एकबी वाकडा नाई."

वाहक म्हणाला, "तो माहा तुकडा हाय."

उरलेलं अर्धं पीठ रंगरावने मेथीच्या दोन जुड्यांत गुंडाळलं आणि तो ते बंडीच्या आत, पोटाशी धरणार होता. मग पोट गरम असतं हे लक्षात येऊन हात लांब करून धरलं. एका हाताने मोटरसायकल चालवत, दुसरा हात वाऱ्यात पसरून तो घरी आला. वाटेत दोघांना वाटलं की तो वळायचा इशारा करतोय, आणि ते उगीच थांबले.

धीरजच्या लग्नात आलेला ओव्हन अजून खोक्यातच होता. तो काढला. रंगरावने दोरी लावून चौकोन कापले, मधोमध गिरजाबाईंनी आटवलेला आमरस ठेवला. लाईन होती. थोड्या वेळाने घरात असा वास सुटला की जगदेवराव आले तेही आधी "राम राम" म्हणायचं विसरून "काय करून राह्यले?" असं विचारते झाले.

रंगराव स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिला. सुनेने तोंडात घास घालताना सासऱ्याने बघत बसू नये, एवढी रीत त्याला माहीत होती. त्याने गिरजाबाईंना खूण केली.

"कसं लागते म्हनते?"

"थांबा न. आताच चावलं तिनं."

उज्ज्वलाने घास गिळला. विचार केला. मग चमच्याने आमरस हळूच बाजूला काढला, उठली, फडताळातून हिरव्या मिरचीच्या ठेच्याची वाटी काढली, मधल्या खड्ड्यात ठेचा भरला आणि पुन्हा चावा घेतला.

जगदेवरावांनी छताकडे पाहिलं.

"काय व उज्ज्वला," गिरजाबाई म्हणाल्या, "गोड पाह्यजे होतं न तुले?"

उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मिरचीचं की कशाचं ते सांगता येत नाही. तोंड भरलेलं असल्यामुळे तिला बोलता येईना. तिने नुसती रिकामी ताटली दाराच्या दिशेने पुढे केली.

रंगराव दाराआडून बाहेर आला आणि त्याने उरलेली सगळीच्या सगळी डॅनिश तिच्यासमोर ठेवली.